अर्धी भिंत काळी

गल्लीतली माणसं तिला पाठीमागे घासणी म्हणत आणि समोर बाई. दोन्ही नावं तिच्या कानावर होती आणि दोन्ही तिला आवडत नव्हती. तसं तिला एकूणच फार थोडं काही आवडे. त्या थोडक्यात एक होती व्हिस्की, आणि आयुष्याची पंचाईत तिथेच होती, कारण तिचं घर काळं करणारीसुद्धा तीच.

घर डिस्टिलरीच्या पिछाडीला होतं. मधे एक मोकळा प्लॉट आणि त्याच्या पलीकडे गोदामांची रांग. गोदामांत व्हिस्कीची पिंपं वर्षानुवर्षं मुरत पडलेली असत आणि लाकडातून दारू कणाकणाने उडून हवेत जाई. या उडालेल्या दारूवर एक बुरशी पोसते. काजळीसारखी काळी आणि भाडेकरूसारखी चिवट. ती झाडांच्या खोडांवर चढते, कुंपणावर चढते, छपरावर, पायरीवर, अंगणात विसरलेल्या खुर्चीवर, आणि भिंतीचं तर विचारूच नका. बाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात तिच्या हातात ब्रश दिला होता. पुढे सासू गेली, मग नवराही गेला. ब्रश झिजत आणि बदलत राहिला, पण हातातून सुटला नाही.

त्यात बाईचा धंदा धुलाईचा. लॉजच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल धुऊन इस्त्री करून पोचवायचे. पांढऱ्या कपड्यांवर जिचं पोट, तिच्या शेजाराला काळी बुरशी. अंगणातल्या दोऱ्या काळ्या पडत आणि वाळलेल्या चादरीवर मधोमध रेघ उमटे. लॉजवाला चादर परत पाठवी. बाई ती पुन्हा धुई आणि धुताना डिस्टिलरीच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. मालक दूरच्या शहरात राहत असल्यामुळे त्याला उचक्या लागत होत्या की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

नवऱ्याच्या पश्चात घराची वाटणी झाली. डावा भाग बाईला, उजवा धाकट्या दिराला. मागची भिंत मात्र सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच. बाईच्या वाट्याची भिंत पांढरी स्वच्छ आणि दिराच्या वाट्याची काळी ठिक्कर. न्हाव्याने अर्धी दाढी करून उठवून दिलेल्या माणसासारखं ते घर दिसे.

दीर आपली बाजू कधी घासत नसे. घासायचं कारणच नव्हतं, कारण तो त्याच डिस्टिलरीत गाइड होता. अंगात कंपनीचा कोट, केसांना तेल, आणि तोंडाला तर त्याहून जास्त. तो पाहुण्यांना आधी मोड आणलेले जव दाखवी, मग लांब मानेचे तांब्याचे अजस्र हंडे, मग गोदामातल्या अंधारात नेऊन आवाज खाली आणी आणि सांगे की पिंपातून दरवर्षी जी व्हिस्की उडून जाते तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. इथे बायका हळहळत आणि पुरुष मान डोलवत. मग तो सगळ्यांना मागच्या फाटकातून बाहेर काढी आणि लांबून स्वतःच्याच घराची काळी बाजू दाखवी. "ही बघा. देवदूत येऊन गेल्याची खूण. अशी भिंत पैसे देऊन मिळत नाही." लोक फोटो काढत. पांढऱ्या बाजूबद्दल कुणी विचारलंच तर तो म्हणे, "तिथे आमच्या वहिनी राहतात. देवदूत तिकडे फिरकत नाहीत."

हे बाईला माहीत होतं, कारण ती तिथेच उभी असे. महिन्यातून एकदा ती रीतसर तिकीट काढून डिस्टिलरी बघायला जाई. आपल्याच दिराच्या घोळक्यात, सर्वांत मागे, हाताची घडी घालून. 'काही प्रश्न?' असं त्याने विचारलं की तिचा हात वर जाई.

"देवदूतांनी आपला वाटा नेला म्हणता, मग माझ्या भिंतीवर सांडतं ते कुणाच्या वाट्याचं?"

"वहिनी, घरचे प्रश्न घरी."

"भिंत घरचीच आहे, भावजी. घाण कंपनीची आहे."

पाहुणे हसत. दिराच्या तळपायाची आग मस्तकात जाई, पण तिकीट काढलेल्या पाहुण्याला हाकलायचं नाही असा कंपनीचा नियम होता. बाई नियम वाचून मगच भांडायला येणाऱ्यांतली होती.

आणि फेरीच्या शेवटी चाखायला ग्लास पुढे येत तेव्हा ती तो सोडत नसे. ग्लास नाकाशी धरी, थेंबभर पाणी घाली, घोट जिभेवर फिरवी आणि डोळे मिटून घेई. ही सवय नवऱ्याची. तो त्याच गोदामात पिंपं लोटायचा. बोलायला घुम्या, पण व्हिस्की कशी प्यायची ते त्याने तिला मन लावून शिकवलं होतं. 'घाई करायची नाही, ती कुठे पळून जात नाही,' एवढं एकच लांबलचक वाक्य तो बोलत असे. बाईच्या मनात त्या कंपनीबद्दल विषाशिवाय काही नव्हतं आणि तिच्या मालाबद्दल वाईट शब्द काढायला जीभ रेटत नव्हती. वैऱ्याच्या दारात भांडायला जावं आणि त्याच्या चहाची चटक लागावी, तशातली गत. याचा तिला स्वतःचाच राग येई, आणि तो राग ती दिरावर काढी.

पुढे पुढे ती दुसऱ्या गावांच्या डिस्टिलऱ्याही बघू लागली. सुट्टीच्या दिवशी बस पकडायची, तिकीट काढायचं, जव आणि हंडे बघितल्यासारखं करायचं आणि संधी मिळताच मागच्या बाजूला सटकून शेजाऱ्यांच्या भिंती बघायच्या. सगळीकडे त्या काळ्याच होत्या. तिला त्यात एक कडवट समाधान मिळे. येताना ती एक बाटली घेऊन येई आणि ती बाटली इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर जाऊन बसे. जाऊबाई, म्हणजे दिराची बायको, एकदा ती फळी बघून म्हणाली, "वहिनी, शत्रूचे इतके फोटो कुणी घरात लावत नाही." बाईने तिच्याशी आठवडाभर अबोला धरला.

मग ती बातमी आली. मधल्या मोकळ्या प्लॉटवर कंपनी नवं गोदाम बांधणार. बाईच्या अंगणाला अगदी खेटून. अंगणातलं ऊन जाणार, दोऱ्या जाणार, आणि बुरशी पलीकडून उडत यायच्या ऐवजी थेट उंबऱ्यात येऊन बसणार. बाईने कंबर कसली आणि नगरपालिकेत तक्रार दिली. या गोदामांमुळे घरं काळी पडतात हे सिद्ध झालं तर नव्याला परवानगी मिळणार नव्हती. बाईची सगळी लढाई एवढ्या एका गोष्टीवर होती.

सुनावणीला कंपनीचा मॅनेजर आला. गोड बोलून गळा कापण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने नगरपालिकेच्या निरीक्षकापुढे घराचा फोटो ठेवला आणि म्हणाला, "भिंत एकच आहे, वारा एकच आहे. आमच्या गोदामांमुळे काळी पडत असती तर अख्खी पडली असती. वारा काय अर्धी भिंत बघून वाहतो?"

"मी घासते म्हणून माझी पांढरी आहे," बाई म्हणाली.

"घासून पांढरी राहते, म्हणजे फक्त निगा राखायचा प्रश्न आहे. तुम्हीच सांगितलंत."

इतकी वर्षं हाताची सालं काढून जे केलं, तेच उलटून तिच्या अंगावर आलं होतं. निरीक्षकाने निकाल दिला नाही. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष येऊन भिंत बघतो, तोवर बांधकाम थांबवा, एवढं सांगून तो उठला.

घरी आल्यावर बाईने ब्रश माळ्यावर टाकला. आता वर्षभर भिंतीला हात लावायचा नाही. होऊ दे काळी. दोन्ही बाजू सारख्या काळ्या झाल्या की बघू मॅनेजर वाऱ्याबद्दल काय बोलतो.

सांगायला सोपं वाटतं, पण ते वर्ष बाईला जड गेलं. आधी भिंतीवर राखाडी छटा आली, मग खिडकीखाली ठिपके, मग ठिपक्यांचे पट्टे झाले. सकाळी मागचं दार उघडलं की तिचा हात आपोआप बादलीकडे जाई आणि ती तो मागे ओढी. पाहुणा आला की ती त्याला पुढच्या दारातूनच बोळवी. गल्लीत कुजबुज सुरू झाली की घासणी आता थकली. लॉजवाल्यानेही एकदा भिंतीकडे बघत विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना?" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आळशी म्हणवून घेण्यापेक्षा तिला चोर म्हणवून घेणं परवडलं असतं.

दीर रोज जाता येता थांबून भिंत बघे. "काय वहिनी, देवदूत तुमच्याकडेही यायला लागले?"

"येऊ देत. साक्ष द्यायला उपयोगी पडतील."

दीर त्या दिवशी हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो मॅनेजरच्या केबिनमधून बराच वेळ बाहेर आला नाही, आणि आला तो एखाद्याने कानाला धरून समजावल्यासारखा लालबुंद होऊन.

निरीक्षकाच्या भेटीची तारीख जवळ आली. भिंत एव्हाना या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळशासारखी झाली होती. कुठे कुणाची हद्द संपते ते परक्याला सांगता आलं नसतं. बाई रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून ती बघे. तिला किळसही येई आणि गुदगुल्याही होत.

अशा वेळी दीर तिच्या दारात आला. हातात पाकीट होतं.

"वहिनी, किती दिवस एकमेकांना पाण्यात बघायचं? दादा असता तर त्याला बरं वाटलं असतं का?"

"मुद्द्याचं बोला."

"डोंगरावरची ती छोटी डिस्टिलरी. तिथे बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. आमच्या लोकांसाठी एक दिवस ठेवलाय, गाडी जाऊन येऊन. माझी जागा आहे, पण मला काम आहे. तुम्ही जा."

त्या डिस्टिलरीचं नाव नवऱ्याच्या तोंडून तिने अनेकदा ऐकलं होतं. जवांना धुरी देऊन बनवलेला तिथला माल बाजारात येतच नाही, एकदा चाखायचा आहे, असं तो म्हणे. त्याचं ते राहून गेलं. बाईने तारीख बघितली. निरीक्षक येणार त्याच्या आदल्या दिवसाची होती.

"उद्याच का नेमकी?"

"गाडी उद्याच आहे. संध्याकाळी परत याल. निरीक्षक काय पहाटे उठून येणार आहे?"

बाईने दिराच्या तोंडाकडे नीट बघितलं. हा माणूस आयुष्यात कुणाला फुकट काही देत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण तिला नवऱ्याची आठवण झाली, आणि खरं सांगायचं तर तोंडाला पाणीही सुटलं. तिने पाकीट घेतलं.

डोंगरावरचा तो दिवस बाई कधीच विसरली नाही, आणि त्याबद्दल तिने स्वतःला कधी माफही केलं नाही. दगडी शेड, त्यात दोनच हंडे, जमिनीवर पसरलेले ओले जव आणि सगळ्याला लाकडाच्या आणि मातीच्या धुराचा वास. गाइड नव्हता की भाषण नव्हतं. एका म्हाताऱ्याने पिंपाचं बूच काढलं, लांब नळीने व्हिस्की ओढून थेट ग्लासात सोडली आणि काही न बोलता तिच्या हातात दिली. पहिल्या घोटाला घसा भाजला. दुसऱ्याला धूर, मीठ आणि मागून कुठून तरी येणारा मधाचा गोडवा. बाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तिने घाई केली नाही. नवरा शेजारी बसलाय आणि आपण दोघं कुणावरही चिडलेलो नाही, असं तिला कितीतरी वर्षांनी वाटलं. एक बाटली विकत घेऊन ती गाडीत बसली.

अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की आपण आज मागच्या बाजूला जाऊन शेजाऱ्यांच्या भिंती बघितल्याच नाहीत. आजवर असं कधी झालं नव्हतं.

अंगणात शिरली तेव्हा दिवस मावळायला आला होता. दीर शिडीवर उभा होता. शिडी बाईची. हातातला ब्रशही बाईचाच, माळ्यावरचा. खाली जाऊबाई बादली धरून उभी होती आणि पायाच्या बोटांकडे बघत होती. दिराची अर्धी भिंत, जी वाटणी झाल्यापासून कुणी पांढरी बघितली नव्हती, ती पांढरी झाली होती. ओरखडे होते, ओघळ होते, पण पांढरी. आणि शेजारी बाईची अर्धी भिंत, वर्षभर मन मारून सांभाळलेली, काळीभोर.

"सहल कशी झाली, वहिनी?" दिराने शिडीवरून विचारलं. त्याचे हात ब्लीचने लाल झाले होते.

बाईच्या तोंडाला आलेल्या शिव्या लिहिण्यासारख्या नाहीत. त्या तिने दिल्याही नाहीत. पिशवीतली बाटली फेकून मारावी असं एकदा मनात आलं, पण मारायच्या लायकीचा तो माल नव्हता.

"शिडी जागेवर ठेवा," एवढं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सगळं ठरल्यासारखं घडलं. मॅनेजरने तेच वाक्य उलटं करून वापरलं. वारा एकच, भिंत एकच, आणि गाइडसाहेबांची बाजू बघा कशी लख्ख. बाई म्हणाली की कालपर्यंत ती काळी होती, गल्लीला विचारा, कंपनीच्याच पाहुण्यांनी काढलेले फोटो बघा.

"होतीच काळी," मॅनेजर म्हणाला. "आमचा माणूस आळस करत होता. एक दिवस हात चालवला आणि निघालं. बाईंनीही चालवावा."

निरीक्षकाने दोन्ही बाजूंवरून बोट फिरवलं, बोट रुमालाला पुसलं आणि निकाल दिला. भिंतीची निगा राखल्यास डाग राहत नाहीत, सबब गोदामाला हरकत नाही. फक्त एक अट. या म्हणण्याच्या पुराव्यादाखल गाइडच्या बाजूची भिंत दरवर्षी तपासली जाईल, आणि ती काळी आढळल्यास परवानगीचा फेरविचार होईल.

मॅनेजर वळून दिराकडे बघत हसला. "ऐकलंस ना? तुझी भिंत पांढरी राहिली पाहिजे. नोकरी तिच्यावर आहे असं समज. आणि मजूर वगैरे लावू नकोस, उगाच बोभाटा नको."

दीर हसत होता. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

गोदाम उभं राहिलं. बाईच्या अंगणातलं ऊन गेलं आणि तिने कपडे वाळवायचं मशीन आणलं. आधी ज्या बुरशीला यायला वर्ष लागायचं ती आता दोन पावसांच्या मधल्या उघडिपीत येऊ लागली. बाईने आपल्या भिंतीला हात लावायचं कायमचं सोडलं. ती हरली होती आणि त्याचं दुःख तिला रोज सकाळी दार उघडलं की नव्याने होई. ते दुःख ती कुणाला सांगत नसे. पाहुण्यांना आता काळी बाजू बाईचीच दाखवावी लागे. देवदूतांनी जागा बदलली का, असं एका जुन्या पाहुण्याने विचारल्यापासून दिराने ते वाक्यच सोडून दिलं.

सुट्टीच्या दिवशी मात्र बाई मागच्या अंगणात खुर्ची टाकते. खुर्चीही काळी पडली आहे. डोंगरावरच्या बाटलीतली थोडी ग्लासात घेते, थेंबभर पाणी घालते आणि समोर बघत बसते. समोर शिडी असते आणि शिडीवर दीर. केसांना तेल नाही, कोट नाही, हाताची सालं निघालेली. गल्लीतली पोरं त्याला घासण्या म्हणतात, तोंडावर.

"भावजी, खिडकीच्या वरचं राहिलं."

दीर दातओठ खात वर सरकतो. खिडकीच्या वरची बुरशी सर्वांत हट्टी. ती काढायला कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिंत आधी भिजत ठेवावी लागते, मग ती सालासारखी सुटून येते. हे सासूने बाईला सांगितलं होतं आणि बाईने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

परवा दीर खूप वेळ त्याच एका जागी घासत होता. शेवटी त्याने ब्रश खाली केला, कपाळ पुसलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी सरळ आवाजात बोलला.

"वहिनी, खरं सांगा. हे वरचं तुम्ही कसं काढायचा?"

बाईने घोट जिभेवर फिरवला. घाई केली नाही. धूर गेला, मीठ गेलं, मागून तो मध आला, तोही जाऊ दिला.

"घासून," ती म्हणाली.